फसलेला सैनिक फेकू नका

खेळण्यांच्या दुकानात मिळणारा सैनिक बहुतेक वेळा अमेरिकी, जर्मन किंवा ब्रिटिश असतो. १९६४ साली अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने बारा इंची ‘जी. आय. जो’ आणला. १९६६ साली ब्रिटनमध्ये ‘अ‍ॅक्शन मॅन’ आला. १९८२पासूनचा पावणेचार इंची जी. आय. जो फनस्कूलमुळे आपल्याकडच्या मुलांच्याही हातात पडला. दुसरीकडे जपानच्या तामियाने १/३५ मापाचे रणगाडे आणि सैनिक जगभर पोचवले. या गर्दीत मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान किंवा पूना हॉर्स रेजिमेंटचा रणगाडा क्वचितच दिसतो. तो हवा असेल तर आयत्या बाहुल्याचं डोकं, हात, हत्यार, कपडे आणि रंग बदलून आपणच घडवावा लागतो. छंदी मंडळी यालाच ‘कस्टम करणं’ म्हणतात.

हे काम सहसा पहिल्या झटक्यात जमत नाही. रंग आठवडा उलटला तरी चिकटच राहतो, मनगटाची खुंटी तुटते, चिकटवलेला पट्टा गळून पडतो, रणगाड्याची चाकं काही वर्षांनी विरघळल्यासारखी दिसतात. अशा वेळी अनेक जण बाहुला कचऱ्यात टाकतात, नवा आणतात आणि तेच पुन्हा होतं. खरं तर काय चुकलं याचा पुरावा त्या फसलेल्या बाहुल्यातच असतो. तो कसा वाचायचा आणि त्यावरून पुढचं काम कसं सुधारायचं, ते इथे क्रमाने पाहू.

तुटलेल्या जागेवर काय दिसतं?

फसलेलं काम हातात घेतल्यावर लगेच दुरुस्तीला लागू नका. आधी भिंग आणि चांगला उजेड घेऊन तुटलेली किंवा सोललेली जागा नीट पाहा.

सांधा तुटला असेल तर तुटलेल्या कडेचा रंग पाहा. कडेला पांढरट डाग असेल तर प्लास्टिक थंड असताना वाकवलं किंवा पिळलं गेलं, असं समजा. चिकटवलेला भाग सुटला असेल तर गोंद कुठे राहिला ते बघा. सगळा गोंद एकाच बाजूला चिकटून दुसरी बाजू स्वच्छ, चकचकीत निघाली असेल तर त्या प्लास्टिकला तो गोंद धरतच नाही किंवा ती बाजू तेलकट होती. गोंद मधोमध फाटून दोन्हीकडे राहिला असेल तर चिकटणं चांगलं होतं, पण भार जास्त झाला. पहिल्या प्रसंगात ती बाजू धुवायची किंवा गोंद बदलायचा, दुसऱ्या प्रसंगात आत तार घालून आधार द्यायचा. लक्षण एकच असलं तरी उपाय निराळे असतात, आणि हा फरक तुटलेली जागा पाहिल्याशिवाय कळत नाही.

रंगाचे पोपडे निघाले असतील तर पोपड्याची मागची बाजू पाहा. अस्तरासकट सगळा थर उघड्या प्लास्टिकपासून सुटला असेल तर बाहुला नीट धुतलेला नव्हता. साच्यातून सहज सुटावा म्हणून कारखान्यात जो तेलकट पदार्थ वापरतात, त्याचा अंश अंगावर राहतो. आपल्या बोटांचं तेलही लागतं. वरचा रंग अस्तरापासून सुटला असेल तर अस्तर पुरतं वाळलं नव्हतं किंवा फार गुळगुळीत होतं. फक्त कोपर, गुडघा, खांदा इथेच रंग गेला असेल तर ते घर्षणाचं काम आहे आणि त्यावरचा उपाय सांध्यात करायचा, रंगात नाही.

प्लास्टिक ओळखल्याशिवाय काहीच करू नका

या छंदातल्या बहुतेक फजित्यांचं मूळ एकच असतं: सगळं प्लास्टिक सारखंच, असा समज. जोडणीच्या किटमधले भाग बहुधा पॉलिस्टायरीनचे असतात. अ‍ॅक्शन फिगरचं धड अनेकदा एबीएसचं, डोकं आणि हात मऊ पीव्हीसीचे, तर आतल्या खुंट्या अ‍ॅसिटल किंवा नायलॉनच्या असतात. म्हणजे एका बाहुल्यात तीन-चार स्वभावांचं प्लास्टिक एकत्र नांदत असतं.

किटचा पातळ सिमेंट-गोंद हा खरा गोंद नसून द्रावक असतो. तो पॉलिस्टायरीनच्या दोन्ही कडा विरघळवतो आणि त्या एकमेकींत मिसळून वाळतात, म्हणून जोड भक्कम होतो. पॉलिथिन, पॉलिप्रोपिलीन किंवा अ‍ॅसिटलवर त्याचा उपयोग होत नाही. अ‍ॅसिटलच्या खुंटीला तर फेविक्विकसारखा झटपट गोंदही धड धरत नाही. तिथे भोक पाडून पितळी तार घालणं हाच खात्रीचा मार्ग.

घरच्या घरी करता येईल अशी एक परीक्षा आहे. नको असलेल्या भागाची बारीक कपची काढून पाण्यात टाका, तिला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने झटका. तरंगली तर पॉलिथिन किंवा पॉलिप्रोपिलीन. बुडाली तर १०० मिलिलिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाका. पॉलिस्टायरीन, एबीएस आणि नायलॉन या खारट पाण्यात तरंगतात. पीव्हीसी आणि अ‍ॅसिटल सहसा तळाला जातात. जाळून ओळखायच्या फंदात पडू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू निघतो.

पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेला असतो आणि तो हळूहळू बाहेर झिरपतो. दोन नेहमीच्या फजित्या त्यातूनच होतात. मऊ डोक्यावर किंवा हातावर इनॅमल वा साधा स्प्रे मारला की कधी कधी तो कायमचा चिकट राहतो, कारण खालून झिरपणारा पदार्थ रंगाला वाळूच देत नाही. तो वाळायची वाट पाहण्यात अर्थ नसतो. रंग उतरवून पाण्यात मिसळणाऱ्या अ‍ॅक्रिलिकचा पातळ हात द्यावा. दुसरी फजिती रणगाड्यांची. जुन्या किटमधले मऊ पट्टे पॉलिस्टायरीनच्या चाकांना टेकून वर्षानुवर्षं राहिले की झिरपणारा प्लास्टिसायझर चाकं खातो. पट्टा आणि चाक यांच्यामध्ये अ‍ॅक्रिलिक रंगाचा पूर्ण थर ठेवा किंवा कडक प्लास्टिकच्या सुट्या कड्यांचा पट्टा बसवा.

सांधे आधी गरम, मग सुटे

डोकं किंवा हात बदलताना खुंटी तुटणं ही नवशिक्यांची सर्वांत सामान्य तक्रार आहे. मऊ पीव्हीसी थंडीत कडक होतं, विशेषतः बाहुला जुना असेल तर. उकळी आलेलं पाणी आचेवरून उतरवून दोन मिनिटं थांबा. मग तो सांधा अर्धा ते एक मिनिट पाण्यात धरा आणि न पिळता सरळ रेषेत ओढा. बसवतानाही हीच पद्धत वापरा. वाकडी झालेली बंदूक किंवा पाय याच पाण्याने मऊ होतात. सरळ करून लगेच थंड पाण्यात धरले की आकार टिकतो. गरम पाण्याचं काम मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावं.

पावणेचार इंची जी. आय. जोची रचना वेगळी. पाठीतला स्क्रू काढला की धड दोन भागांत उघडतं आणि आतल्या काळ्या रबरी रिंगेने कंबर-पाय धरलेले दिसतात. जुन्या बाहुल्यात हे रबर सुकून तुटतं आणि सैनिक दोन तुकड्यांत हातात येतो. तो बाद झालेला नसतो, त्याच मापाची नवी ओ-रिंग घातली की उभा राहतो. उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. बंद करताना स्क्रू हाताला अडल्यावर आणखी पिळू नका, प्लास्टिकचे आटे झिजले की तो पुन्हा कधीच धरत नाही.

सांध्यातला रंग घासून जाऊ नये म्हणून रंगवण्याआधी सांध्याच्या आतल्या बाजू बारीक पॉलिश पेपरने रंगाच्या थरापुरत्या घासून घ्या. शक्य असेल तिथे बाहुला सुटा करूनच रंगवा. घासला जाणारा भाग मुळातच हव्या त्या रंगाच्या प्लास्टिकचा निवडला तर प्रश्नच उरत नाही.

गोंद आणि लांबी

झटपट गोंद ओढीला भक्कम, पण धक्क्याला ठिसूळ असतो. टेबलावरून पडलेल्या सैनिकाचा हात म्हणूनच निखळतो. हात, डोकं, संगीन असे बाहेर आलेले भाग जोडताना हातड्रिलने दोन्हीकडे साधारण एक मिलिमीटरचं भोक पाडून पितळी तारेचा तुकडा घाला आणि मग गोंद लावा. दोन्ही भोकं समोरासमोर यावीत म्हणून एका बाजूला ओल्या रंगाचा ठिपका देऊन दुसरी बाजू दाबा; ठसा उमटेल तिथे भोक पाडायचं. गॉगल, दुर्बीण, विमानाची काच यांच्याजवळ मात्र हा गोंद नको. त्याची वाफ पारदर्शक भागावर पांढरी धुकट साय धरते. तिथे पांढरा पाण्याचा गोंद वापरा.

फेटा, पोतडी, कॉलर घडवायला परदेशात मिलिपुटसारखी इपॉक्सी लांबी वापरतात. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या एम-सीलने सुरुवात करायला हरकत नाही. ती फसते तेव्हा तीनपैकी एक कारण असतं. दोन्ही भाग समान घेतले नाहीत किंवा रंग एकसारखा होईपर्यंत मळले नाहीत, तर ती मऊच राहते. गुळगुळीत प्लास्टिकवर तशीच थापली, तर वाळल्यावर अखंड सुटून येते. म्हणून आधी सुईने जागा चरचरून घ्या. आणि एका बैठकीत सगळं घडवायला गेलात, तर एक बाजू करताना दुसरी बोटाने दबते. फेट्याचा गाभा आज करा, वाळू द्या, वरचे पेच उद्या. बारीक पट्ट्यांसाठी तर लांबी नकोच, वाळल्यावर त्या कडा तुटतात. कागदाची किंवा मास्किंग टेपची पट्टी जास्त टिकते आणि दिसतेही पातळ.

कच्ची इपॉक्सी त्वचेला लागत राहिली तर अ‍ॅलर्जी होते, म्हणून हातमोजे घाला. वाळलेली लांबी घासताना पॉलिश पेपर ओला ठेवा आणि मास्क लावा.

रंगाचे हात

आधी भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुणं, पूर्ण सुकवणं, मग अस्तर, मग रंगाचे पातळ हात. हा क्रम कंटाळवाणा वाटतो, पण पोपडे आणि ओघळ यांतली बहुतेक प्रकरणं इथेच टळतात. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात केव्हाही बरे. मापाचा हिशेब केला की कारण कळतं: १/३५ मापावर ०.१ मिलिमीटर जाडीचा थर प्रत्यक्षातल्या साडेतीन मिलिमीटरसारखा दिसतो. गणवेशाच्या शिवणी, बटणं आणि चेहऱ्याच्या रेषा त्याखाली बुजून जातात.

स्प्रे लांबून मारला तर थेंब हवेतच वाळून पृष्ठभाग खरखरीत होतो, फार जवळून मारला तर ओघळ येतात. साधारण २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवा आणि हात थांबवू नका. इनॅमल पुरता वाळण्याआधी त्यावर लॅकर मारलं तर खालचा थर सुरकुततो. रंगांची घराणी मिसळायची असतील तर आधी टाकाऊ तुकड्यावर पाहा.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात मॅट वार्निश मारलं की बाहुल्यावर पांढुरकी साय येते, ती हवेतल्या दमटपणामुळे. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ तिथे जमते. अशा बाहुल्यावर कोरड्या दिवशी चकचकीत वार्निशचा हात दिला तर साय बऱ्याचदा निघून जाते, मग पुन्हा मॅट मारता येतं. वर्षाची आखणीच अशी करा की पावसाळ्यात कापणं, घडवणं, घासणं व्हावं आणि स्प्रेचं काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत.

रेजिमेंटची चिन्हं आणि क्रमांक यांची डिकॅल्स, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं, मॅट रंगावर लावली की कडेला चंदेरी चमक दिसते. खरखरीत पृष्ठभाग आणि डिकॅल यांच्यात हवा अडकल्याची ती खूण. त्या जागी आधी चकचकीत वार्निश द्या, डिकॅल लावा, वाळल्यावर मॅट हात द्या. आधीच फसलं असेल तर सुईने बारीक छिद्रं पाडून डिकॅल बसवायचं द्रावण सोडा.

रंग उतरवायची वेळ आली तर नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. त्यातलं अ‍ॅसिटोन पॉलिस्टायरीन आणि एबीएस विरघळवतं. अ‍ॅक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने निघतो. पीव्हीसीचे भाग त्यात फार वेळ बुडवून ठेवू नका, ते कडक होतात. अल्कोहोल आणि थिनर ज्वालाग्राही असतात, तेव्हा खिडकी उघडी आणि गॅस बंद.

माप आणि संदर्भ

कधी हस्तकला निर्दोष असते आणि तरी सैनिक खोटा वाटतो. तिथे चूक मापाची किंवा माहितीची असते. सहा फुटी माणूस १/६ मापात साडेतीस सेंटिमीटर, १/१२ मध्ये सव्वापंधरा, तर १/३५ मध्ये ५.२ सेंटिमीटर होतो. दुसऱ्या महायुद्धातली ली-एनफिल्ड क्रमांक १ रायफल ११३ सेंटिमीटर लांब होती. ती १/६ मध्ये १८.८, १/१२ मध्ये ९.४ आणि १/३५ मध्ये ३.२ सेंटिमीटर यायला हवी. दुसऱ्या सेटमधली बंदूक हातात देण्याआधी पट्टी लावून बघा.

१/६ बाहुल्याच्या कापडी गणवेशालाही हाच नियम. एक मिलिमीटर जाड कापड प्रत्यक्षातल्या सहा मिलिमीटरच्या घोंगडीसारखं फुगतं. पातळ सुती कापड घ्या आणि रंग जात असेल तर आधी धुऊन टाका, नाहीतर गडद रंगाचे डाग पीव्हीसीच्या अंगावर कायमचे बसतात.

माहितीचं एक उदाहरण घेऊ. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांनी शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चाल केली आणि तिथेच त्यांना वीरमरण आलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या चढाईत त्यांच्या हातात टॉमीगन होती. ब्रिटिश पायदळाच्या बाहुल्यावरून त्यांना साकारताना किटमधली रायफल तशीच ठेवली तर तो सैनिक उत्तम रंगला तरी यशवंत घाडगे होणार नाही.

रणगाड्यांतही तेच. १९६५च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर यांच्या पूना हॉर्सकडे सेंच्युरियन रणगाडे होते. सेंच्युरियनची इस्रायली किट बाजारात मिळतात, पण इस्रायलने डिझेल इंजिन बसवताना रणगाड्याचा मागचा भाग बदलला होता. ते किट घेऊन भारतीय रंग दिला तरी आकार चुकीचाच राहतो. ब्रिटिश नमुन्याचं किट निवडणं हाच त्यावरचा उपाय, आणि तो पैसे देण्याआधी करायचा असतो. अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात असे रणगाडे जवळून बघता येतात. चाकांची संख्या, तोफेची जाडी, मागच्या झाकणांची ठेवण वहीत टिपून आणा. चित्रपट पाहून गणवेश ठरवू नका. त्या वर्षाची, त्या आघाडीची छायाचित्रं शोधा.

नोंद आणि चाचणीचा तुकडा

शेवटची सवय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. किटच्या भागांभोवती जी प्लास्टिकची चौकट उरते, तिचा एक तुकडा प्रत्येक कामासोबत ठेवा. बाहुल्याला जे करणार ते आधी त्या तुकड्यावर करा: तेच धुणं, तेच अस्तर, तोच रंग, तेच वार्निश. तुकडा वाळल्यावर त्यावर चिकटपट्टी दाबून ओढा. रंग टिकला तर बाहुल्याला हात लावा. अ‍ॅक्शन फिगरला अशी चौकट नसते, तिथे त्याच प्रकारच्या मोडक्या बाहुल्याचा हात-पाय वापरा. म्हणून जुने, तुटके सैनिक डब्यात जपा आणि दुर्मीळ, धड बाहुल्यावर नवी पद्धत कधीच आजमावू नका.

प्रत्येक फसलेल्या भागाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधा. तिच्यावर चार गोष्टी लिहा: प्लास्टिक कोणतं होतं, काय लावलं आणि किती वेळ वाळू दिलं, त्या दिवशी हवा कशी होती, आणि बिघाड नेमका कुठून सुरू झाला. पुढच्या वेळी यांतली एकच गोष्ट बदला. गोंदही बदलला, अस्तरही बदललं आणि काम जमलं, तर कशामुळे जमलं ते कळत नाही. मग तीच फजिती वर्षभराने परत येते.

तेव्हा आज घरात जो अर्धवट सोडलेला, रंग बिघडलेला किंवा हात तुटलेला सैनिक पडला असेल, तो बाहेर काढा. त्याची तुटलेली जागा भिंगाखाली पाहा, पहिली चिठ्ठी त्यालाच बांधा आणि नवं किट विकत घेण्याआधी त्याच्यावर एक उपाय करून बघा.